एक्स्टेंशन काढलं तरी यूट्यूब बंदच? आधी कुलूप कुठल्या दाराला आहे ते बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण त्यात तीन अडचणी एकमेकींत गुंतल्या आहेत. मला समजलं ते असं: मुलगी दहावीला आहे. तुम्ही तिच्या लॅपटॉपवर क्रोममध्ये साइट ब्लॉक करणारं एक एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) टाकलं आणि त्याला पासवर्ड लावला. तो विसरलात. आता क्लासवाले यूट्यूबच्या लिंका पाठवतात, म्हणून वैतागून एक्स्टेंशनच काढून टाकलं, तरी यूट्यूब उघडत नाही. वर इन्स्टाग्राम आणि एका गेमच्या साइटवर नाव आणि पासवर्ड विचारणारा चौकोन येतो, आणि त्यात तुम्हाला आठवतील ते सगळे पासवर्ड घालून झाले, एकही चालत नाही. घरच्याच वाय-फायवर मोबाइलमध्ये मात्र सगळं सुरळीत. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारू, आठशे रुपये होतील.

फॉरमॅट मारू नका. आठशे रुपये वाचतील म्हणून सांगत नाही. फॉरमॅट मारून मुलीने पुन्हा क्रोममध्ये आपलं गूगल खातं घातलं, की सिंक (खात्यात साठवलेलं आपोआप परत उतरवणं) चालू असल्यास तिची एक्स्टेंशनं आपोआप परत येऊन बसतील. म्हणजे दुखणं होतं तिथेच राहायचं आणि दहावीच्या नोट्स तेवढ्या जायच्या.

मी साताऱ्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो, दोन-तीन क्लासेसचं नेटवर्कही बघतो. ‘पासवर्ड विसरलो’ म्हणून येणाऱ्या माणसाची खरी अडचण बहुतेक वेळा पासवर्डाची नसते. पासवर्ड कुणाचा, म्हणजे एक्स्टेंशनचा, विंडोजचा, राउटरचा, प्रॉक्सीचा (नेटच्या वाटेत बसवलेल्या मधल्या सर्व्हरचा) की खुद्द त्या साइटचा, हेच त्याला ठाऊक नसतं. वाड्याला चार दारं असावीत, एकाची किल्ली हरवावी आणि आपण भलत्याच दाराशी खटपट करत बसावं, तसला प्रकार. तुमच्या बाबतीत तर माझा अंदाज असा आहे की ज्या चौकोनात तुम्ही पासवर्ड घालताय, तो चौकोन तुमच्या कुलपाचा नाहीच. त्याच्याकडे येतो, पण आधी दार ओळखायची रीत सांगतो.

लॅपटॉप समोर नसताना मी लिहितोय, तेव्हा दोन-तीन गोष्टी तुम्हालाच तपासाव्या लागतील. पहिली तपासणी तुम्ही नकळत केलीच आहे. मोबाइल त्याच वाय-फायवर आहे आणि त्यावर यूट्यूब चालतं. याचा अर्थ राउटर आणि नेट देणारी कंपनी यांच्यावर संशय घ्यायचं फारसं कारण उरत नाही. ‘फारसं’ अशासाठी की राउटरमध्ये एकाच उपकरणापुरती बंदी घालता येते. पण तुम्ही राउटरला हात लावलेला नाही म्हणता, त्यामुळे तो धागा सोडून देऊ. (मोबाइलचा डेटा बंद करून बघितलं होतं ना? पुष्कळदा वाय-फाय नुसतं जोडलेलं दिसतं आणि गाडी चाललेली असते सिमच्या नेटवर.)

दुसरी तपासणी, त्याच लॅपटॉपवर दुसरा ब्राउझर. मायक्रोसॉफ्टचा एज हल्लीच्या विंडोजमध्ये असतोच, त्यात यूट्यूब उघडा. उघडलं, तर बंदी क्रोमच्या आत आहे. नाही उघडलं, तर ती क्रोमच्या खाली, विंडोजमध्ये आहे. तिसरी तपासणी क्रोमची गेस्ट विंडो. उजवीकडे वर तुमच्या फोटोचा गोल असतो त्यावर क्लिक करून गेस्ट निवडा. गेस्टमध्ये कुठलंही एक्स्टेंशन चालत नाही. इन्कॉग्निटोमध्ये एरवी चालत नाही, पण कुणी मुद्दाम परवानगी दिली असेल तर चालतं. म्हणून मी इन्कॉग्निटोवर विसंबत नाही, गेस्टच बघतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं हेच लोक बघत नाहीत: साइट उघडत नाही तेव्हा जे करडं पान येतं, त्यावर खाली बारीक अक्षरांत एक इंग्रजी ओळ असते. मला कुणी फोन केला की मी आधी ती ओळ वाचून घेतो. ‘ब्लॉक्ड बाय क्लायंट’ असेल तर एक्स्टेंशनचं काम. ‘ब्लॉक्ड बाय ॲडमिनिस्ट्रेटर’ असेल तर क्रोमला वरून, पॉलिसीतून (विंडोजमध्ये क्रोमसाठी लिहून ठेवलेल्या नियमांतून) हुकूम आहे. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असेल आणि यूट्यूबसारखी कधी बंद न पडणारी साइट असेल, तर मी डोळे मिटून हॉस्ट्स फाइल उघडतो (ती काय ते पुढे सांगतो). ‘प्रॉक्सी’ किंवा ‘टनल’ हा शब्द दिसला तर मध्ये कुणीतरी दलाल बसलाय. ‘युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ आलं तर लोकांना वाटतं साइट बिघडली. पण बंदी घालणारं एखादं साधन तुम्हाला आपल्या सूचनेच्या पानावर वळवू बघतं आणि ब्राउझरला ते बनावट वाटतं, असंही असू शकतं. त्या आधी लॅपटॉपची तारीख मात्र बघा. घड्याळाची आतली छोटी बॅटरी मेलेल्या जुन्या लॅपटॉपवर घड्याळ चार-पाच वर्षं मागे जातं आणि तेव्हाही हेच पान येतं.

तुमच्या यूट्यूबच्या पानावर काय लिहिलंय ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण एक्स्टेंशन काढूनही साइट बंद राहते, म्हटल्यावर माझी पैज ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’वर. कारण सांगतो. एक्स्टेंशन ब्राउझरच्या चौकटीत राहतं आणि काढलं की आपला पासवर्ड, आपली यादी सगळं घेऊन जातं. त्याच्या माघारीही बंदी शिल्लक असेल, तर ती दुसऱ्या कुणीतरी घातलेली असते. एक्स्टेंशनला विंडोजच्या हॉस्ट्स फाइलला हात लावता येत नाही. मात्र ‘साइट ब्लॉकर’ म्हणून मिळणारे डेस्कटॉपवरचे प्रोग्राम त्या फाइलमध्ये ओळी घालतात. दुकानात लॅपटॉप दिला असताना ‘पोरीसाठी यूट्यूब बंद करून द्या’ असं सांगितलं असेल, तर तिथल्या पोरानेही हेच केलेलं असतं. दोन मिनिटांचं काम आहे. आठवून बघा.

हॉस्ट्स फाइल म्हणजे विंडोजची खासगी फोनवही. कुठल्याही साइटचा पत्ता बाहेर विचारण्याआधी विंडोज या वहीत डोकावतं. त्यात ‘यूट्यूब डॉट कॉम’ या नावापुढे १२७.०.०.१ लिहून ठेवलं, तर लॅपटॉप यूट्यूबला शोधायला स्वतःच्याच घरी जातो. हा आकडा म्हणजे ‘मी स्वतः’. घरात यूट्यूब कुठलं असणार? म्हणून दार उघडत नाही, ‘रिफ्यूज्ड’. यात पासवर्ड कुठेच नाही. विसरलेला पासवर्ड सापडला असता तरीही यूट्यूब उघडलं नसतं.

ही फाइल सी ड्राइव्हमध्ये विंडोज, मग सिस्टम ३२, मग ड्रायव्हर्स, मग ‘ईटीसी’ नावाच्या फोल्डरमध्ये असते. नाव नुसतं ‘हॉस्ट्स’, पुढे टीएक्सटी वगैरे काही नाही. थेट डबल क्लिक करून बदल करायला जाल तर सेव्ह होताना परवानगी नाही म्हणेल. त्यासाठी स्टार्टमध्ये नोटपॅड शोधा, राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करा आणि मग नोटपॅडच्या ओपनमधून त्या फोल्डरात जा. फोल्डर रिकामा दिसला तर घाबरू नका, खाली ‘टेक्स्ट डॉक्युमेंट्स’ऐवजी ‘ऑल फाइल्स’ निवडलं की फाइल दिसेल. ज्या ओळींच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह आहे त्या नुसत्या टिपा, त्या असू द्या. हॅश नसलेल्या ओळींत यूट्यूबचं नाव दिसलं तर पुसू नका, सुरुवातीला एक हॅश टाका. म्हणजे ओळ झोपते, उद्या लागली तर उठवता येते. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट आणि त्याशिवाय अशा दोन वेगळ्या ओळी असतात, दोन्हींना हॅश लावा. ‘गूगलव्हिडिओ’ असं नाव दिसलं तर तीही यूट्यूबचीच ओळ, व्हिडिओ खरा तिथूनच येतो. ती ओळ राहिली तर पान उघडेल, खालच्या कॉमेंट दिसतील आणि व्हिडिओच्या जागी गोल चाक फिरत राहील, असंही होऊ शकतं. सेव्ह करा, क्रोम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. तरी ऐकलं नाही तर लॅपटॉप रीस्टार्ट करा.

सेव्ह करताना नोटपॅडने ‘हॉस्ट्स डॉट टीएक्सटी’ अशी दुसरीच फाइल करून ठेवली, तर काहीच बदलणार नाही आणि तुम्ही तासभर डोकं धराल. माझं एकदा झालंय, गिऱ्हाइकासमोर.

आता त्या पासवर्डच्या चौकोनाकडे येऊ. चौकोन दिसतो कसा, हे नीट बघा. पानाच्या आत, त्या साइटच्या रंगात असेल तर तो साइटचा स्वतःचा लॉगिन आहे. वर पत्त्याच्या पट्टीत ‘क्रोम एक्स्टेंशन’ने सुरू होणारा लांबलचक पत्ता असेल तर तो एक्स्टेंशनचा. पण पान कोरं, आणि खिडकीच्या वरच्या कडेला चिकटून एक पांढरी पेटी, वर ‘साइन इन’, खाली युझरनेम आणि पासवर्ड असे दोन रकाने, असं असेल तर त्यावरची छोटी ओळ वाचा. तिच्यात ‘द प्रॉक्सी’ असा शब्द आणि पुढे अनोळखी पत्ता असला, तर ती पेटी तुम्ही बसवलेली नाही. तुमच्या कुलपाला फक्त पासवर्ड होता, नाव विचारत नव्हतं. इथे नाव आणि पासवर्ड दोन्ही मागताहेत, यावरूनच मला संशय आला.

स्पष्टच सांगतो. इन्स्टाग्राम आणि गेम या दोनच साइटवर ही पेटी येत असेल, तर बहुधा मुलीने तुमच्या बंदीला वळसा घालण्यासाठी फुकटचं प्रॉक्सी किंवा व्हीपीएन एक्स्टेंशन टाकलेलं आहे. अशा एक्स्टेंशनमध्ये ‘या साइट तेवढ्या दुसऱ्या वाटेने न्या’ असं सांगता येतं. एरवी ते त्या दूरच्या प्रॉक्सीला स्वतःच नाव-पासवर्ड देतं, तुम्हाला कळतही नाही. पण फुकटची मुदत संपली, किंवा त्यांनी आपल्याकडचे पासवर्ड बदलले, की प्रॉक्सी थेट तुम्हाला विचारतो: कोण तुम्ही? त्याचं उत्तर तुमच्याकडे नाही आणि मुलीकडेही नाही.

खात्री करायची असेल तर क्रोमच्या सेटिंगमध्ये सिस्टिमच्या पानावर जा. प्रॉक्सीची ओळ असते तिथे एखाद्या एक्स्टेंशनचं नाव आणि शेजारी ‘डिसेबल’चं बटण दिसलं, तर झालं, हाच तो. तिथून ते बंद करा, मग एक्स्टेंशनच्या यादीतून काढूनही टाका. यादीत काही सापडलं नाही तर विंडोजच्या सेटिंगमध्ये नेटवर्क, त्यात प्रॉक्सी, तिथे ‘यूज अ प्रॉक्सी सर्व्हर’ चालू आहे का बघा. घरच्या नेटला त्याची गरज नसते, बंद करून टाका.

मुलीवर ओरडू नका असं मी सांगणं म्हणजे आगाऊपणा, पण एक गोष्ट तिच्या कानावर जरूर घाला. इन्स्टा बघितलं हा त्यातला धोका नाही. असं एक्स्टेंशन टाकताना ‘सगळ्या साइटवरचा डेटा वाचू आणि बदलू शकेल’ अशी परवानगी देऊन बसतो, हा आहे. ती परवानगी असेल तर तुम्ही त्याच क्रोममध्ये बँकेचं पान उघडलं तेही त्याला वाचता येतं. त्या लॅपटॉपवर तुम्ही नेट बँकिंग केलं असेल तर पासवर्ड मोबाइलवरून बदला, आणि तिच्या गूगल खात्याचाही.

मग तुमचा विसरलेला पासवर्ड? एक्स्टेंशन गेलं तिथे तो गेला. पुन्हा तेच एक्स्टेंशन बसवलं तर नवा ठेवता येईल. काही एक्स्टेंशनं मात्र आपली सेटिंगं गूगल खात्यासोबत ठेवतात, त्यामुळे जुना पासवर्ड परत उभा राहिला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. अशा वेळी ईमेलने नवा पासवर्ड मागवायची सोय आहे का ते बघायचं.

पण तुमचा पासवर्ड खरोखर विसरलाच होता का, याचीही मला शंका आहे, आणि ती एका जुन्या प्रसंगामुळे. एका संस्थेच्या कार्यालयात क्लार्कबाईंनी ब्राउझरला पासवर्ड लावला आणि दुसऱ्या दिवशी तो चालेना. त्या ठामपणे सांगत होत्या, ‘मी गावाचंच नाव टाकलंय, सातारा, इंग्रजीत, लहान लिपीत.’ मी तासभर काय काय करून बघितलं. मग लक्ष खाली उजव्या कोपऱ्यात गेलं. बाई दिवसभर मराठीत टाइप करायच्या, कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवर होता. त्यावर एसच्या जागी एकमात्रा, एच्या जागी ओकार, टीच्या जागी दीर्घ उकार आणि आरच्या जागी दुसरी वेलांटी आहे. म्हणजे इंग्रजी ‘सातारा’ची सहा बटणं दाबली की आत जातात सहाच्या सहा नुसत्या मात्रा आणि वेलांट्या, अख्ख्या शब्दात एक व्यंजन नाही! समोर दिसतात फक्त काळे ठिपके, मग कळणार कसं? दुसऱ्या दिवशी सकाळी कीबोर्ड इंग्रजीवर, आणि पासवर्ड चूक. विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबला, कीबोर्ड बदलला, तीच सहा बटणं दाबली, कुलूप उघडलं. तेव्हापासून कुणीही ‘पासवर्ड बरोबर आहे पण घेत नाही’ म्हटलं की मी कॅप्सलॉकच्या आधी ही भाषा बघतो. तुमच्याकडे मराठी कीबोर्ड असेल तर यापुढे लक्षात ठेवा.

हा गोंधळ आजचा नाही. सायबर कॅफेच्या जमान्यात इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये ‘कंटेंट ॲडव्हायझर’ नावाची सोय असे. १९९६ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून ती होती. कॅफेचा मालक हौसेने ती चालू करायचा, ‘सुपरवायझर पासवर्ड’ ठेवायचा आणि विसरायचा. ही सोय साइटने स्वतःवर लावलेल्या दर्जाच्या चिठ्ठीवर चालायची, आणि चिठ्ठी नसलेली साइट बंद, हा तिचा मूळ नियम. आपल्याकडच्या साइटवर चिठ्ठी कोण लावतंय! परिणामी रिझल्ट बघायला आलेल्या पोरांना पानापानाला सुपरवायझर पासवर्ड विचारला जायचा. खरं तर ‘चिठ्ठी नसलेल्या साइट दिसू द्या’ असा एक चौकट भरायचा पर्याय तिथेच होता, पण तिथवर जायलाही तोच पासवर्ड. आम्ही रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या आतल्या नोंदवहीत) ‘रेटिंग्ज’ नावाच्या कप्प्यातली ‘की’ नावाची नोंद पुसायचो की पासवर्ड गायब. पुढे ती सोय मागे पडली, आणि खुद्द इंटरनेट एक्स्प्लोरर १५ जून २०२२ला निवृत्त झाला. तेव्हाही ज्याच्या हातात विंडोजचं ॲडमिन (सगळे हक्क असलेलं) खातं, त्याला ब्राउझरचा पासवर्ड अडवत नव्हता. आजही नाही.

आणि इथेच तुमच्या मूळ बेताची गोची आहे. मुलगी ज्या खात्याने लॅपटॉप उघडते ते ॲडमिन खातं असणार, नवा लॅपटॉप घेतल्यावर पहिलं खातं ॲडमिनच बनतं. तिने एक्स्टेंशनच्या चिन्हावर राइट क्लिक करून ‘रिमूव्ह’ म्हटलं तरी तुमची बंदी संपते. पासवर्ड कितीही अवघड ठेवा, ती नुसती आतली कडी आहे, आणि कडी आतल्या माणसाच्याच हाताशी असते.

म्हणून बंदी घालायचीच असेल तर क्रम बदला. आधी विंडोजमध्ये तुमच्या नावाचं वेगळं ॲडमिन खातं काढा, त्याला पासवर्ड ठेवा, त्याने एकदा आत जाऊन खात्री करा. मगच मुलीचं खातं ‘स्टँडर्ड युझर’ करा. उलट क्रमाने करायला गेलात तर अडकून बसाल. तिच्या फाइली, डेस्कटॉप सगळं जागच्या जागी राहतं, फक्त हॉस्ट्स फाइल आणि विंडोजच्या मुख्य सेटिंगना हात लावायला तुमचा पासवर्ड लागतो. हा पासवर्ड मात्र कागदावर लिहा आणि एलआयसीच्या पावत्या ठेवता त्या फाइलमध्ये ठेवा. पासवर्ड लिहून ठेवू नये म्हणतात ते ऑफिसात. घरी कपाटात लिहून ठेवलेला पासवर्ड विसरलेल्या पासवर्डापेक्षा शंभर पटीने बरा.

त्यानंतर क्रोमला पॉलिसीतून बांधता येतं. विंडोजच्या होम आवृत्तीत असे नियम लावायची ‘ग्रुप पॉलिसी’ची खिडकी नसते, पण रजिस्ट्रीतून तेच होतं. ‘लोकल मशीन’ विभागात सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम असे कप्पे, आणि त्यात ‘यूआरएल ब्लॉकलिस्ट’ नावाचा कप्पा करून १, २ अशा नावांच्या नोंदींत साइटचं नाव लिहायचं. नावं इंग्रजीत, जोडून, स्पेलिंग चुकता कामा नये. इन्स्टाग्राम डॉट कॉम लिहिलं की त्याच्या पोटातले सगळे पत्तेही बंद होतात. याच ठिकाणी इन्कॉग्निटो आणि गेस्ट बंद करता येतात, नवी एक्स्टेंशनं बसवायला मनाई करता येते. रजिस्ट्री हा हौसेने उघडायचा प्रकार नाही. कधी केलेली नसेल तर जाणकाराला समोर बसवून करा, अर्ध्या तासाचं काम आहे. झाल्यावर क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत ‘क्रोम’, कोलन, दोन तिरप्या रेषा आणि ‘पॉलिसी’ असं इंग्रजीत लिहून एंटर मारा, लागू असलेले सगळे नियम समोर येतील.

हे पान आत्ताच, काहीही बदलण्याआधी एकदा उघडून बघा. तुम्ही काहीच केलेलं नसताना तिथे नियम दिसत असतील किंवा क्रोमच्या मेनूत खाली ‘मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन’ लिहिलेलं असेल, तर दोन शक्यता. लॅपटॉप आधी कुठल्या ऑफिसचा होता, किंवा एखाद्या अँटिव्हायरसने नाहीतर आगंतुक प्रोग्रामने तिथे हात घातलाय. घरी विकत घेतलेल्या लॅपटॉपवर अनोळखी एक्स्टेंशन या मार्गाने चिकटलं असेल तर ते काढायचं बटणच दिसत नाही. तेव्हा आधी पूर्ण स्कॅन करा. आणि लॅपटॉप अजूनही कुणा संस्थेच्या मालकीचा असेल तर ते कुलूप तुमचं नाही, त्यांच्या आयटीवाल्याला फोन करा. मी अशी मशीनं उघडत नाही, कितीही पैसे दिले तरी. क्विक हीलसारख्या अँटिव्हायरसमध्येही पॅरेंटल कंट्रोल असतं आणि त्याला पासवर्ड लावता येतो. तेही तपासा, आणि तो पासवर्ड गेला असेल तर कंपनीच्या हेल्पलाइनकडून रीतसर सोडवा.

रजिस्ट्री नको वाटत असेल तर मायक्रोसॉफ्टचं फॅमिली सेफ्टी आहे. त्यात दिवसाचे तास ठरवता येतात, आणि मला विचाराल तर दहावीच्या मुलीसाठी साइट बंद करण्यापेक्षा तास ठरवणं जास्त उपयोगी. फक्त त्याची साइट गाळायची सोय एजमध्येच चालते, म्हणून बाकीचे ब्राउझर त्यातून बंद करावे लागतात. राउटरमध्ये डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा) बदलून १.१.१.३ ठेवणं हाही एक सोपा मार्ग. क्लाउडफ्लेअरची ही सेवा अश्लील आणि घातक साइट गाळते, एप्रिल २०२०पासून आहे, फुकट आहे. पण ती यूट्यूब-इन्स्टा अडवत नाही, आणि ब्राउझरमधलं ‘सिक्युअर डीएनएस’ दुसऱ्या कंपनीवर लावून ठेवलं असेल तर राउटरला बगलही मिळते.

आणि यूट्यूब अर्धं उघडं अर्धं बंद, म्हणजे क्लासच्या लिंका तेवढ्या चालाव्यात आणि शॉर्ट्स नकोत, हे पासवर्डाने होत नाही. क्लासवाल्यांना विचारा, व्हिडिओ गूगल क्लासरूमवर किंवा ड्राइव्हवर देता येतील का. मी बघतो त्यातल्या एका क्लासने तसं केलंय, बाकीचे ‘बघू’ म्हणतात. आणि हे सगळं केलंत तरी तिच्या हातातल्या मोबाइलचा हॉटस्पॉट लॅपटॉपला जोडला की राउटरची बंदी गेली, हेही धरून चाला. विंडोज आणि क्रोममधली बंदी तेवढी टिकते.

एक सावधगिरी. कधी पूर्ण स्क्रीनभर ‘तुमचा कॉम्प्युटर लॉक झाला आहे, या नंबरवर फोन करा’ असं पान आलं आणि पासवर्डची पेटी बंदच होईना, तर तो तुमच्या घरातल्या बंदीचा भाग नाही, फसवणूक आहे. फोन करू नका. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजरमधून क्रोम बंद करा, आणि पुन्हा उघडताना जुनी पानं परत आणू का म्हटलं तर नाही म्हणा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लावा.

तर आज रात्री एवढं करा: एजमध्ये यूट्यूब उघडून बघा, हॉस्ट्स फाइल बघा, क्रोमच्या सिस्टिम सेटिंगमध्ये प्रॉक्सी कुणाच्या ताब्यात आहे ते बघा. माझा अंदाज बरोबर असेल तर अर्ध्या तासात दोन्ही अडचणी सुटतील. नाही सुटल्या तर करड्या पानावरची ती खालची इंग्रजी ओळ आणि पासवर्डच्या पेटीवरची ओळ जशीच्या तशी उतरवून लिहा, फोटो काढलात तरी चालेल. फक्त फोटोत मुलीचं ईमेल दिसत असेल तर ते आधी खोडा.